वाचकांचे प्रश्न : बिळाशी राहणारा फायरफिश

मागच्या अंकात घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी छोट्या आणि शांत माशांची यादी दिली होती. त्यातल्या एकाच माशाबद्दल सगळ्यात जास्त पत्रं आली, म्हणून या वेळचं सबंध सदर फायरफिशला दिलं आहे.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्ण वाढलेला फायरफिश जेमतेम ९ सेंटीमीटरचा असतो. पुढचं अर्धं अंग दुधी, तोंडावर पिवळसर झाक, मागे केशरी होत होत शेपटीकडे गडद लाल. पाठीवरचा पहिला काटा, म्हणजे त्याचा तुरा, धाग्यासारखा लांब असतो आणि तो सारखा वर-खाली हलत असतो. शास्त्रीय नाव नेमाटेलिओट्रिस मॅग्निफिका. त्यातल्या 'नेमा' या ग्रीक शब्दाचा अर्थच धागा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून हवाईपर्यंत, प्रवाळाच्या बाहेरच्या उतारावर, ६ ते ७० मीटर खोलीत तो राहतो. तिथे वाळूतल्या बिळावर तो थोड्या उंचीवर, प्रवाहाकडे तोंड करून तरंगतो, वाहत येणारे बारीक जीव टिपतो आणि सावली पडली की बिळात शिरतो. त्याचं सगळं वागणं या बिळाभोवती फिरतं. खालची बरीचशी उत्तरंही फिरून तिथेच येतात.

एक सूचना आधीच देतो. काही पुस्तकांत आणि दुकानांच्या याद्यांत विषारी काट्यांच्या लायनफिशलाही फायरफिश म्हणतात. मागणी नोंदवताना शास्त्रीय नाव सांगा.

ठाण्याहून एक वाचक : माझा टँक ७५ × ४० × ४० सेंटीमीटरचा, तीन महिने जुना. वर काचेचं झाकण आहे, फक्त मागच्या कोपऱ्यात पाइप आणि वायरींसाठी ७ × ५ सेंटीमीटरचा खाचा आहे. फायरफिश दोन आठवडे छान होता. एके सकाळी टँकमागे फरशीवर वाळलेला मिळाला. एवढ्याशा जागेतून तो गेला कसा?

त्याच खाच्यातून गेला. त्याच्या अंगाची जाडी करंगळीएवढीसुद्धा नसते. पाच सेंटीमीटरची फट म्हणजे त्याला उघडं दारच.

उडी का मारतो ते नीट समजून घ्या, म्हणजे झाकणाइतकंच बाकीचंही लक्षात येईल. घाबरला की तो बिळाकडे झेपावतो. पण अंधारात बीळ दिसत नसेल, बिळात दुसरा कुणी बसला असेल किंवा वाटेत आडवा आला असेल, तर तो उलट दिशेने, म्हणजे सरळ वर सुटतो. काचेला आपटला की काचेच्या कडेकडेने सरकत फट शोधतो. त्यामुळे 'मोठं झाकण आणि छोटासा खाचा' ही रचना त्याच्यासाठी सगळ्यात वाईट. बहुतेक उड्या रात्री, दिवा एकदम बंद झाल्यावर किंवा पहाटे खोलीतला दिवा एकदम लागल्यावर पडतात.

काचेऐवजी जाळी लावा. काचेखाली उष्णता कोंडते आणि हवेची देवाणघेवाण कमी होते, जाळीत दोन्ही अडचणी नाहीत. खिडक्यांना मच्छरजाळी बसवणाऱ्याकडून पावडर कोटिंग केलेल्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीची चौकट करून घ्या. ती टँकच्या काठावर चारही बाजूंनी टेकली पाहिजे, आत अधांतरी नको. मच्छरजाळी मात्र भरू नका. तिची भोकं इतकी बारीक असतात की आठवड्याभरात मिठाच्या खपल्यांनी बुजतात आणि उजेडही अडतो. पारदर्शक नायलॉनची ६ मिलिमीटर भोकाची जाळी घ्या. किनाऱ्यावरच्या बाजारात मासेमारीच्या सामानाच्या दुकानातही ती मिळते. चौकटीच्या खाचेत रबरी बीडिंग दाबून जाळी ढोलकीच्या पानासारखी ताणून बसवा. सैल जाळी मधोमध झोळ पडून पाण्याला लागते. लोखंडी किंवा पितळी जाळी चुकूनही नको. लोखंड गंजतं, आणि पितळेतलं तांबं पाण्यात उतरून कोळंबी, शंख मारतं.

पाइपांच्या कोपऱ्यात ३ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकची पट्टी लावा, प्रत्येक पाइपापुरती वेगळी खाच कापा आणि उरलेल्या फटीत फिल्टरचा स्पंज कोंबा. खाणं टाकायला पुढच्या बाजूला ८ × ८ सेंटीमीटरचं बिजागरीचं अ‍ॅक्रिलिक दार ठेवा. ओव्हरफ्लोचा (जादा पाणी खालच्या टाकीत सोडणाऱ्या पेटीचा) कंगवा असेल तर दातांतलं अंतरही ६ मिलिमीटरच्या आत हवं. मासा 'गायब' झाला असं वाटलं की आधी ओव्हरफ्लोची पेटी आणि संप (टँकखालची फिल्टरची टाकी) तपासा. तिथे तो जिवंत सापडण्याची शक्यता बरीच असते.

दिवा टायमरवर ठेवून अर्ध्या तासात हळूहळू मंद होईल असं करा. मंद होणारा दिवा नसेल तर खोलीतला दिवा आधी लावा, मग टँकचा बंद करा, आणि वीस मिनिटांनी खोलीतला मालवा.

जमिनीवर पडलेला मासा सापडला आणि कल्ले हलत असतील, तर हात टँकच्याच पाण्यात ओले करून त्याला उचला आणि टँकमध्ये सोडा. नळाखाली धरू नका, कापडाने पुसू नका. अंगावरचा बुळबुळीत थर हीच त्याची कातडीची राखण, ती खरवडली की जंतू शिरतात.

पुणे, कोथरूडहून : चार दिवसांपूर्वी आणला. दिवसभर दगडामागे. फक्त डोळे दिसतात. पेलेट्स टाकतो, त्या तळाला जाऊन सडतात. दुकानदाराला परत करू का?

परत करू नका. आठवडाभर लपणं हे या माशाचं साधं वागणं आहे. परत नेताना पकडणं, पिशवी, नवा टँक हा सगळा त्रास त्याला पुन्हा होईल.

खाण्याची पद्धत मात्र बदला. फायरफिश तळाचं वेचत नाही, पृष्ठभागावर येत नाही. समोरून वाहत आलेलं तेवढंच घेतो. गोठवलेल्या मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक जीवांचा) तुकडा वाटीभर टँकच्या पाण्यात विरघळू द्या, चहाच्या गाळणीतून गाळा, गढूळ पाणी फेका (त्यात फॉस्फेट असतं) आणि गाळ पुन्हा स्वच्छ खाऱ्या पाण्यात कालवा. २० मिलीच्या सिरिंजला अ‍ॅक्वेरियमच्या हवेच्या नळीचा अर्ध्या मीटरचा तुकडा लावा. वेव्हमेकर (लाटा करणारा पंप) बंद करा, फिल्टरचा मंद प्रवाह चालू राहू द्या. आता बिळापासून वीतभर अंतरावर, प्रवाहाच्या वरच्या बाजूने, थेंबथेंब सोडा. आधी फक्त तुरा हलेल. मग डोकं बाहेर येईल, मासा जागच्या जागी थांबेल, एक कण टिपेल आणि मागच्या मागे बिळात जाईल. एवढं झालं की चिंता मिटली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अर्धं अंग बाहेर राहतं, आणि मग सिरिंज दिसली की तो स्वतःच बाहेर येतो.

मायसिसलाही दाद देत नसेल तर आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीवजा जीवाची) पिल्लं द्या. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम सॉल्ट, अर्धा चमचा अंडी, तळातून जोरदार हवा, वर दिवा, २७-२८ अंश तापमान. १८ ते २४ तासांत पिल्लं निघतात. हवा बंद केली की टरफलं वर येतात आणि पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, तिथून नळीने ओढून बारीक कापडात गाळा. त्याच दिवशी द्या. अंगातला बलक संपला की त्यांच्यात पोषण फारसं उरत नाही.

आपल्याकडे आणखी एक सोय आहे, ती म्हणजे ताजा जवळा. कोळणीकडून अगदी ताजा घ्या, गोड्या पाण्यात दोनदा धुवा, डोकी आणि मिशा काढा, सुरीने २ मिलिमीटरचे तुकडे करा आणि झिपच्या पिशवीत पापडासारखा पातळ पसरून फ्रीझरमध्ये ठेवा. लागेल तेवढा कोपरा मोडून घेता येतो. सुका जवळा नको. त्यात मीठ आणि वाळू असते, आणि त्याचा भुगा होऊन पाणी बिघडतं. पण नुसत्या जवळ्यावर ठेवू नका, मायसिस आणि बारीक ०.५ मिलिमीटरच्या पेलेट्स आलटूनपालटून द्या.

दिवसातून दोन-तीन वेळा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. समोरून पाहिल्यावर पोट किंचित गोल दिसलं पाहिजे. डोक्यामागे खळगा पडला, किंवा आठ दिवसांनीही एक कणही तोंडात गेला नाही, तर त्याला कुणी दबावाखाली ठेवतंय का ते बघा. खाली शारजाच्या वाचकाला दिलेलं उत्तर वाचा.

मडगावहून : समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. पाणी आणि दगड तिथूनच आणले तर? मालवणला पाण्याखाली सुंदर प्रवाळ आहे असंही ऐकलं.

पाण्याबद्दल आधी. किनाऱ्यालगतचं पाणी म्हणजे खुल्या समुद्राचं पाणी नव्हे. पावसाळ्यात मांडवी, झुआरी, साळ यांचं गोडं पाणी आणि गाळ किनाऱ्यावर पसरतो, क्षारता घसरते. होड्यांचं डिझेल आणि सांडपाणी बाराही महिने असतं. एक बादली चांगली निघेल, दुसरी टँक मारेल. तयार मरीन सॉल्टच वापरा.

दगडाबद्दल उत्तर स्पष्ट आहे : नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखे आहेत. जिवंत असो की वाळलेला सांगाडा, गोळा करणं, विकणं आणि बाळगणं, तिन्ही गुन्हे. समुद्रघोड्यालाही याच कायद्याचं संरक्षण आहे. मालवणचा परिसर तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. दुकानात 'लाइव्ह रॉक' म्हणून मिळणारा तुकडा नीट पाहा. त्यावर चांदणीसारखी बारीक घरं कोरलेली दिसली तर तो प्रवाळाचाच सांगाडा, घेऊ नका.

फायरफिशला प्रवाळ लागत नाही, कपार लागते. भट्टीत भाजलेले सच्छिद्र सिरॅमिकचे दगड उत्तम. तुमच्याकडे जांभा सहज मिळतो आणि भोकाभोकांचा असल्यामुळे मोह होतो, पण त्यात लोह आणि चिकणमाती असते, पाण्यात झिजून लाल गाळ सुटतो. १०० लिटरला ८ ते १० किलो दगड पुरतो. दगड आधी काचेवर टेकवा, मग भोवती ३ सेंटीमीटर अ‍ॅरागोनाइटची वाळू ओता. वाळूवर दगड ठेवला आणि माशाने खाली उकरलं तर दगड कोसळतो. बिळाचं तोंड २ ते २.५ सेंटीमीटर ठेवा. पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा १५ सेंटीमीटरचा तुकडा तिरका करून वाळूत अर्धा पुरला आणि वर दगड टेकवला, तरी तो आनंदाने राहतो. एका माशासाठी तीन तरी बिळं हवीत, आणि त्यातलं एक टँकच्या दुसऱ्या टोकाला.

नाशिकहून : घरच्या आरओच्या पाण्यात सॉल्ट कालवते. रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्याचा खारेपणा मोजायचं उपकरण) १.०२६ असतं, दहा-बारा दिवसांत १.०२९ होतं. कमी झालेलं पाणी मी रोज तयार खाऱ्या पाण्याने भरते. सॉल्ट खराब आहे का?

सॉल्ट चांगलं आहे, भरणी चुकते आहे. वाफ होऊन जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं. तुमचा टँक १०० लिटरचा आणि दहा दिवसांत १० लिटर उडालं असं धरू. ते खाऱ्या पाण्याने भरलंत, म्हणजे टँकमध्ये ३५० ग्रॅम मीठ जास्तीचं गेलं. लिटरमागे ३५ ग्रॅमवरून क्षारता साडेअडतीसवर पोचली, म्हणजे तुमचं १.०२९. उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडं आरओ पाणीच घालायचं, रोज, काचेवर केलेल्या खुणेपर्यंत.

आता उतरवायचं कसं? एका दमात नाही. रोज टँकमधलं २ लिटर पाणी काढून २ लिटर आरओ पाणी घाला. पाच दिवसांत ३५ च्या आसपास येईल. रोजची उडालेली भरपाई याशिवाय वेगळी. रिफ्रॅक्टोमीटरही तपासून घ्या. डिस्टिल्ड पाण्यावर शून्य दाखवणारं उपकरण ३५ वर चूक दाखवू शकतं. ३५ चं तयार द्रावण मिळतं, त्यावर लावा.

स्वयंपाकघरातल्या आरओबद्दल महत्त्वाचं. पिण्याच्या यंत्रात चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. म्हणून पेल्यात ५० ते १०० टीडीएस येतं. त्यातलं सिलिकेट आणि फॉस्फेट काचेवर तपकिरी शेवाळ आणतं. मेम्ब्रेननंतर आणि कंट्रोलरच्या आधी टी जोडून वेगळा नळ काढा, पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) एक डबा लावा. टीडीएस मीटरवर ० ते ५ आलं पाहिजे. वाया जाणारं पाणी फरशीला वापरा.

कालवताना पाण्यात सॉल्ट घाला, सॉल्टवर पाणी ओतू नका. घट्ट द्रावणात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून बसतात, पांढरा गाळ होतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. १० लिटरला साधारण ३७० ग्रॅम. ब्रँडप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून शेवटी मोजूनच ठरवा. बादलीत छोटा पंप सोडून रात्रभर फिरू द्या. आठवड्याला १० लिटर बदललं की पुरे.

दादरहून : मे महिन्यात टँक ३२ अंशांवर जातो. वीजही जाते. काय करावं?

फायरफिशला २५-२६ अंश मानवतात, २८ चालतात. ३२ ला दुहेरी अडचण होते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो (समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे पावणेसात मिलिग्रॅम, ३० ला सव्वासहाच्या आत) आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते.

पाण्यावर तिरका वारा सोडणारे दोन छोटे पंखे पुण्यात तीन अंश उतरवतील. दादरच्या दमट हवेत दीड-दोन अंश मिळाले तरी पुष्कळ. दिव्यांची वेळ संध्याकाळी पाच ते रात्री अकरा करा, पडदे ओढा. तेवढ्याने ३० च्या खाली येत नसेल तर १०० लिटरला १/१० अश्वशक्तीचा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्या आणि तो कॅबिनेटच्या बाहेर ठेवा, आत कोंडला तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. बर्फाच्या बाटल्या सोडून एका तासात चार अंश उतरवण्यापेक्षा २९ वर स्थिर ठेवणं बरं.

वीज गेल्यावर पहिला धोका प्राणवायूचा. बॅटरीवर आपोआप चालू होणारा एअर पंप ठेवा, नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर पंप बंद पडल्यावर पाणी उलटं नळीतून घरात येतं. त्या काळात खाणं देऊ नका. कॅनिस्टर फिल्टर दोन-तीन तासांहून जास्त बंद राहिला असेल, तर आतलं पाणी फेकून, मीडिया खाऱ्या पाण्यात विसळून मगच चालू करा, कारण आत सडलेलं पाणी एकदम टँकमध्ये जातं. आणि सगळ्या वायरी प्लगकडे जाताना खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये जात नाही. ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवून घ्या, मासा नंतर.

शारजाहून : दोन फायरफिश घेतले, जोडी होईल म्हणून. एक दिवसभर वरच्या कोपऱ्यात हीटरमागे उभा असतो, शेपटी फाटली आहे. एसीमुळे टँक २४ ला असतो, म्हणून का?

तापमानाचा संबंध नाही. दुसरा त्याला बिळाजवळ येऊ देत नाही, म्हणून तो वर आहे. वरच्या कोपऱ्यात उभा राहिलेला फायरफिश उडीच्या बेतात असतो, आजच बाहेर काढा.

बाकीच्यांशी अतिशय गरीब असलेला हा मासा आपल्याच जातीशी भांडतो. समुद्रात जोड्या असतात, पण नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत. त्यामुळे दुकानातले कोणतेही दोन म्हणजे जुगार. पाच एकत्र सोडले तरी काही महिन्यांत एक किंवा दोनच उरतात. दुकानात एकाच बिळात आत-बाहेर करणारे दोन दिसले तरच जोडी म्हणून घ्या, एकाच वेळी सोडा. आधीच रुळलेल्या एकाच्या टँकमध्ये दुसरा आणणं १०० लिटरमध्ये जमत नाही. नाहीतर एकटाच ठेवा, त्याला सोबत लागत नाही.

सांगलीहून : शेजारी कोणते चालतील?

ऑसेलॅरिस क्लाउनफिश, छोटे गोबी, कार्डिनलफिश, साफसफाईची कोळंबी. क्लाउनफिश शक्यतो पैदाशीचे घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विळिंजम आणि मंडपम इथे त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे. फायरफिश मात्र अजून जवळजवळ सगळे समुद्रातून पकडलेलेच येतात, म्हणून एकेक मासा जगवणं महत्त्वाचं. डॅमसेल, डॉटीबॅक, सिक्सलाइन रास, हॉकफिश यांपैकी एकही नको. ते फायरफिशला चावतीलच असं नाही, पण त्याला बिळातून बाहेर येऊ देणार नाहीत, आणि तो उपाशी मरेल.

औरंगाबादहून : दुकानदार म्हणतो, दोन डॅमसेल टाकून आठवडाभर टँक 'पिकवा', मग फायरफिश आणा.

टँक पिकणं म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढणं. आठवड्यात टँक पिकत नाही, आणि ते डॅमसेल पुढे काढताना सगळे दगड उपसावे लागतात. मासा न टाकता अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरमागे २ मिलिग्रॅम) न्या. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतो, मग नायट्राइटही उतरतो. दोन्ही चोवीस तासांत शून्यावर येऊ लागले की टँक तयार. चार ते सहा आठवडे लागतात. तेव्हा साठलेलं नायट्रेट उतरवायला निम्मं पाणी बदला आणि मग मासा आणा.

कोल्हापूरहून : अंगावर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके आले, मग गेले, पुन्हा आले. दुकानातून तांब्याचं औषध दिलं आहे. टँकमध्ये दोन कोळंब्या आहेत. टाकू का?

टाकू नका. तांब्याने कोळंब्या मरतील, शिवाय ते दगड-वाळूत मुरून बसतं.

तुम्ही लिहिलंय ती मरीन इकची खूण आहे. परजीवी तीन ते सात दिवस माशाच्या कातडीत राहतो, मग गळून वाळूत कोष करतो, आणि कोषातून शेकडो पिल्लं पुन्हा मासा शोधायला निघतात. ठिपके 'गेले' म्हणजे ते वाळूत गेले. (ठिपके पिठासारखे बारीक असतील, मासा धापा टाकत असेल, तर तो मखमली रोग. तो दोन-तीन दिवसांत मारतो आणि खालचा उपाय त्याला लागू नाही.)

औषधाविना उपाय असा. ३० लिटरचे दोन प्लास्टिक टब घ्या. प्रत्येकाला स्वतःचा हीटर, एअर स्टोन, पाइपचा तुकडा आणि जाळीचं झाकण. मासा पहिल्या टबात ठेवा. बरोबर ७२ तासांच्या आत, त्याच क्षारतेच्या आणि तापमानाच्या ताज्या पाण्याच्या दुसऱ्या टबात हलवा, सोबत पाणी शक्य तितकं कमी. गळलेले कोष पहिल्या टबातच राहतात. तो टब सामानासकट धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. असं चार वेळा : चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या दिवशी. फिल्टर नसल्यामुळे अमोनिया रोज मोजा, खाणं थोडंच द्या. मोठ्या टँकमधले बाकीचे मासेही याच पद्धतीने बाहेर काढावे लागतील आणि तो टँक ७६ दिवस माशांविना चालू ठेवावा लागेल. कोळंब्या तिथेच राहू द्या, त्यांना इक होत नाही. एक जरी मासा आत राहिला तरी सगळी मेहनत वाया जाते.

नागपूरहून : मुंबईहून रात्रीच्या बसने पार्सल येणार आहे. निवडताना आणि सोडताना काय पाहावं?

दुकानदाराकडून आधी व्हिडिओ मागवा. मासा अधांतरी स्थिर तरंगतोय, तुरा उभा आहे, समोर टाकलेलं खाणं घेतोय, हे दिसलं पाहिजे. तळाला पडून असलेला किंवा पोट खपाटीला गेलेला घेऊ नका. त्यांच्या टँकची क्षारता विचारा. सॉल्ट वाचवायला आणि परजीवी दाबायला पुष्कळ ठिकाणी १.०१९-१.०२० वर ठेवतात.

पिशवी १४-१५ तास बंद असेल तर तासभर थेंबथेंब पाणी सोडण्याची नेहमीची पद्धत इथे घातक ठरते. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने पीएच खाली गेलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून असं करा : वेगळा ४० लिटरचा विलगीकरणाचा टँक आधीच दुकानाच्या क्षारतेवर तयार ठेवा. पिशवी न उघडता वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, तापमान जुळेल. मग उघडा, क्षारता मोजा, फरक ०.००२ च्या आत असेल तर मासा लगेच भांड्याने उचलून सोडा. जाळ्यात त्याचा तुरा अडकतो. पिशवीतलं पाणी मोरीत ओता. पुढे रोज ०.००२ पेक्षा जास्त नाही अशा बेताने क्षारता १.०२५ वर आणा आणि चार आठवडे तिथेच ठेवा.

पहिल्या दिवशी दिवा लावू नका, खाणं संध्याकाळी चिमूटभर. आणि जाळीचं झाकण विलगीकरणाच्या टँकवरही हवं. नवी जागा, अनोळखी बीळ आणि पहिली रात्र, बहुतेक फायरफिश तेव्हाच उडी मारतात.